दुखणं काढणं

माझ्या उजव्या गुडघ्याचं वय माझ्यापेक्षा वीस वर्षांनी जास्त आहे, असं एका अस्थिरोगतज्ज्ञांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरून सांगितलं, तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते. म्हणजे गुडघा त्र्याहत्तरचा. घरी येताना एसटीत मी हिशेब करत बसले, की डावा गुडघा चोपन्न-पंचावन्नचा धरला, तर मी नक्की कितीची? वाडेगव्हाणच्या फाट्यावर उतरले आणि तिथून राळेगणसिद्धीला पायी निघाले. रोजचा धावायचा रस्ता तोच. त्या दिवशी पहिल्यांदाच मला तो लांब वाटला.

डॉक्टरांनी आणखी एक वाक्य उच्चारलं होतं : ‘आता पळणं बंद. वय झालं.’ त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि आज वाटतं तेही त्यांच्याबद्दल नव्हे. मला खटकलं ते एवढंच, की पायाबद्दल त्यांनी वीस मिनिटं सांगितलं आणि बंद झालेल्या पळण्याचं माणसाने काय करायचं याबद्दल एक मिनिटही नाही. तो प्रश्न घेऊन मी गेली तीन वर्षं वाचते आहे. माझं शिक्षण कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाशी थांबलं. पुढचं सगळं जिल्ह्याच्या ग्रंथालयात, शब्दकोश मांडीवर घेऊन आणि अलीकडे मुलाने शिकवलेल्या इंटरनेटवर. तेव्हा हा लेख वैद्याचा नाही, मानसशास्त्रज्ञाचाही नाही. एका खो-खोवालीने लावलेला हा शोध आहे.

खो-खोवाली म्हणून घ्यायचा हक्क मला आहे का, हाही प्रश्नच आहे. शाळेत आणि कॉलेजात मी खेळले, दोनदा जिल्ह्याच्या संघात होते. संरक्षणाला मी चांगली होते. हुलकावणी देऊन एका पायावर फिरायचं आणि पाठलाग करणारीला पुढे जाऊ द्यायचं, यात माझा हातखंडा. खो-खोत आक्रमकाला एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही, पळणाऱ्याला मात्र येते. सगळा खेळ त्या एका सवलतीवर उभा असतो आणि ती सवलत गुडघा देतो. एकोणिसाव्या वर्षी एका सामन्यात मी फिरले, पाऊल मातीत रुतून राहिलं आणि गुडघा एकटाच फिरला. ‘कट्’ असा आवाज मला आला, बाकी कुणाला आला नाही. आईने आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप घातला, तीन आठवडे घरी बसवलं आणि सूज उतरल्यावर मी पुन्हा मैदानात गेले. पुढे लग्न, शेत, दोन मुलं, कांद्याचे हंगाम. गुडघा अधूनमधून कुरकुरायचा, पण त्याला विचारतंय कोण. बेचाळिसाव्या वर्षी मी पहाटे चालायला लागले. वर्षभरात चालणं धावणं झालं. पन्नाशीच्या आत मी तीन अर्धमॅरेथॉन पळाले. मग तो गुडघा परत आला, या वेळी लेपाने न ऐकणारा.

जुनाट दुखापतीची पहिली अडचण अशी, की तिला पाहुणे येत नाहीत. हाड मोडलं तर प्लास्टर दिसतं, शेजारपाजारचे शहाळं घेऊन येतात, सहा आठवड्यांनी प्लास्टर निघतं आणि गोष्ट संपते. झिजलेल्या कूर्चेला, सैल पडलेल्या अस्थिबंधाला किंवा चिवट झालेल्या स्नायुबंधाला सुरुवात धड नसते आणि शेवट तर नसतोच. आठ दिवस बरं, मग दोन दिवस सूज. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो. आणि वय वाढलेलं असेल तर सहानुभूतीही मिळत नाही. पंचविशीच्या पोराचा गुडघा गेला तर लोक हळहळतात. त्रेपन्नच्या बाईचा गेला तर म्हणतात, ‘तुला काय ऑलिंपिकला जायचंय?’ मला हे तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारलं. तिघंही माझ्यावर जीव लावणारी.

या प्रश्नाला मला उत्तर देता येत नव्हतं, कारण ऑलिंपिकला जायचं नव्हतंच. मग मी रात्री रडत का होते?

उत्तराचा पहिला धागा ब्रिटन ब्रूअर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या कामात सापडला. १९९३ साली त्याने दोन सहकाऱ्यांबरोबर एक निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकाचा आशय असा, की खेळाडू ही आपली ओळख म्हणजे हर्क्युलिसचे स्नायू, की अकिलिसची टाच? त्यांनी एक छोटी प्रश्नावली तयार केली. ‘मी स्वतःला खेळाडू समजतो’, ‘खेळ हा माझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे’ अशा धाटणीची विधानं आणि त्यांच्याशी आपण किती सहमत, याचे आकडे. या गोष्टीला मराठीत शब्द नाही, मी त्याला ‘खेळाडूपण’ म्हणते. ब्रूअरला दिसलं ते असं : ज्यांचं खेळाडूपण घट्ट, ती माणसं सराव नेटाने करतात, शिस्तीत राहतात. पण दुखापत झाली की खचण्याचा धोकाही त्यांनाच जास्त. एकाच खांबावर घर उभं केलं, की त्या खांबाला वाळवी लागणं म्हणजे घराला लागणं.

मी ती प्रश्नावली स्वतः भाषांतरित करून सोडवली. मला वाटलं होतं, शेतकरी, आई, सासू, वाचक असे माझे कितीतरी खांब आहेत. आकडा काही वेगळंच बोलला. विचार केल्यावर कारणही कळलं. बाकीच्या सगळ्या भूमिका मला कुणाच्या तरी नात्याने मिळालेल्या होत्या. पहाटेचा पाऊण तास तेवढा कुणाच्याच नात्याचा नव्हता. धावणाऱ्या प्रौढ बायकांशी बोलताना हे मला वारंवार ऐकू आलं, शब्द वेगळे असतील. पुरुषांचं दुःख बहुधा वेळेचं असतं, ‘पूर्वी मी पंचावन्न मिनिटांत दहा किलोमीटर जायचो’. बायकांचं बहुधा जागेचं असतं. हा काही सिद्धान्त नाही, वीस-पंचवीस माणसांशी झालेल्या गप्पांचा सूर आहे.

दुखापतीच्या मानसशास्त्रावर मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, त्यात एक गोष्ट हमखास येते : नकार, राग, घासाघीस, उदासी, स्वीकार अशा दुःखाच्या पाच पायऱ्या. याबद्दल थोडं सावध करायला हवं. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली ही मांडणी केली ती मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. ती नंतर घटस्फोटाला, नोकरी जाण्याला, खेळातल्या दुखापतीला, सगळ्याला डकवली गेली. खेळाडूंवर झालेल्या अभ्यासांत या पायऱ्या अशा ओळीने काही सापडल्या नाहीत. माणसं एकाच दिवशी चिडतात, स्वीकारतात, पुन्हा नाकारतात. माझा अनुभवही हाच, आणि जुनाट दुखापतीत तर पायऱ्यांची कल्पना अंगलट येते. ‘मी स्वीकाराच्या पायरीवर पोचले’ असं म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी गुडघ्याला बरं वाटतं आणि सकाळी सहा वाजता मी बूट घालून नकाराच्या पायरीवर उभी. मरण एकदाच येतं, सूज मात्र महिन्यातून दोनदा. ज्यांना पायऱ्या चढल्यासारखं वाटत नाही, त्यांनी आपलं काही चुकतंय असं समजू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं.

आपल्याकडच्या खेळाडूंकडे वळू. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत फ्रीस्टाइल कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं, हे शाळेत शिकवतात. पुढचं शिकवत नाहीत. १९५५ साली ते पोलीस दलात सबइन्स्पेक्टर झाले, पुढच्या ऑलिंपिकची उमेद होती आणि गुडघा आडवा आला. १९५६ चं मेलबर्न हुकलं. त्या वेळी ते तिशीत होते, मल्लाच्या हिशेबात उतरत्या उन्हात. खाशाबांनी त्या गुडघ्याबद्दल मनात काय काय सोसलं, हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं मला मिळालं नाही. आपल्या कुस्तीच्या परंपरेत शरीराची भाषा अफाट आहे, डावांची नावंच शेकड्यांनी आहेत, पण दुखण्याबद्दल मल्ल गप्प असतो. तालमीतल्या मातीला तो कपाळ लावेल, पण मातीत गेलेल्या गुडघ्याबद्दल बोलणार नाही.

सचिन तेंडुलकर याबाबतीत बोलला, आणि त्याचे मराठी खेळाडूंवर उपकार आहेत असं मी मानते. २००४ साली त्याला टेनिस एल्बो झाला. मे २००५ मध्ये लंडनला कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या दिवसांबद्दल त्याने सांगितलं आहे, की अर्जुनची प्लॅस्टिकची बॅटसुद्धा उचलवत नव्हती. पुन्हा खेळून पाहिलं तेव्हा पूर्ण ताकदीने मारलेला चेंडू दहा-बारा वर्षांची पोरं जवळच उभी राहून सहज अडवत होती, आणि आपण आता कधीच खेळणार नाही असं त्याला वाटलं. त्या वेळी तो बत्तिशीत होता. २४ फेब्रुवारी २०१० ला ग्वाल्हेरला त्याने एकदिवसीय सामन्यातलं द्विशतक केलं तेव्हा छत्तीस. मधल्या पाच वर्षांत खांद्याचीही शस्त्रक्रिया झाली. आपण ग्वाल्हेर लक्षात ठेवतो. मला ती पोरं जास्त आठवतात.

पण माझ्या शोधात सगळ्यांत उपयोगी पडला तो आमच्याच जिल्ह्यातला माणूस : श्रीरामपूरचा झहीर खान. दुखापतींचा इतका लांब आणि सार्वजनिक इतिहास असलेला भारतीय गोलंदाज विरळा. मांडीचा मागचा स्नायू, घोटा, खांदा, पाठ. २१ जुलै २०११ रोजी लॉर्ड्सवर कसोटी क्रिकेटचा दोन हजारावा सामना सुरू झाला. झहीरने १३.३ षटकांत इंग्लंडचे दोन्ही सलामीवीर घेतले आणि मांडी धरून तो बाहेर गेला. काही महिन्यांपूर्वीच्या विश्वचषकात २१ बळी घेणारा तो, बत्तीस वर्षांचा. नंतर घोट्याची शस्त्रक्रिया झाली. मग तो परतला, पुन्हा दुखावला, पुन्हा परतला. फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला, ब्रेंडन मॅकलमने त्रिशतक ठोकलं त्या डावात, पस्तीस वर्षांच्या झहीरने ५१ षटकं टाकून पाच बळी घेतले. ती त्याची शेवटची कसोटी ठरली.

त्याच्या या टिकण्याचं बीज बरंच आधीचं आहे. २००५-०६ च्या सुमारास तो भारतीय संघाबाहेर होता. २००६ चा हंगाम तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून खेळला आणि ७८ बळी घेऊन परतला. बदलला होता त्याचा रन-अप. तो आखूड झाला होता. वेगाचा हट्ट सोडून त्याने चेंडू दोन्ही बाजूंना वळवणं, जुन्या चेंडूचा रिव्हर्स, फलंदाज वाचणं, यांवर भर दिला. पुढे विश्वचषकात बोटांची पेरं टेकवून टाकायचा संथ चेंडूही आला. थोडक्यात, शरीर जे देईना ते मागणं त्याने सोडलं, आणि देत होतं त्याची किंमत वाढवली.

हे वाचताना मला पॉल आणि मार्गरेट बाल्टेस या जर्मन दांपत्याची आठवण झाली. म्हातारपणाच्या मानसशास्त्रात त्यांनी १९९० साली मांडलेलं सूत्र प्रसिद्ध आहे. वय वाढताना माणूस तीन गोष्टी करून टिकतो : निवड करतो, निवडलेल्यावर मेहनत वाढवतो आणि कमी पडतं तिथे वेगळ्या मार्गाने भरपाई करतो. त्यांचं आवडतं उदाहरण पियानोवादक आर्थर रुबिन्स्टाइनचं. ऐंशीतही तो उत्तम कसा वाजवतो, याचं त्याने दिलेलं उत्तर असं, की मी आता कमी रचना वाजवतो, त्यांचा सराव जास्त करतो, आणि जलद भागाच्या आधीचा भाग जरा संथ वाजवतो, म्हणजे पुढचा जलद भासतो. आमच्याकडच्या थकलेल्या कीर्तनकारांना हे कुणी शिकवावं लागत नाही. आवाज पोचत नाही तिथे ते टाळकऱ्यांना पुढे करतात आणि अभंगाचा अर्थ जास्त वेळ सांगतात.

झहीरची निवृत्तीही याच सूत्रात बसते, आणि ती मला त्याच्या बळींपेक्षा मोठी वाटते. १५ ऑक्टोबर २०१५ ला त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं. कारण दिलं ते शरीराच्या मापात : नव्या हंगामाची तयारी करताना लक्षात आलं, की दिवसाला अठराएक षटकांचा ताण खांदा सोसणार नाही. ‘वय झालं’ असं तो म्हणाला नाही, ‘अठरा षटकं’ म्हणाला. आणि चार षटकांचं क्रिकेट तो आयपीएलमध्ये २०१७ पर्यंत खेळत राहिला. ‘वय झालं’ या शब्दांना काही करता येत नाही, ते दार लावून घेतात. ‘अठरा नाही, चार’ याला करता येतं. मी माझ्या वहीत ‘पळणं बंद’ खोडून लिहिलं : ‘उतारावर नाही. डांबरावर नाही. सलग दोन दिवस नाही.’ तीन नकार झाले, पण त्यांच्या मधे मोकळी जागा होती.

आता त्या फिल्मकडे येऊ, कारण माझ्या मनाची निम्मी दैना तिने केली होती. गुडघ्यात कूर्चेची एक गादी असते, तिला मेनिस्कस म्हणतात. माझी ती फाटलेली आहे असं अहवालात होतं. ‘फाटलेली’ हा शब्द मी महिनाभर घेऊन फिरले. जिना उतरताना आत काहीतरी फडफडतंय असं वाटायचं. मग २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास हाती लागला. फ्रेमिंगहॅम गावातल्या, पन्नास ते नव्वद वयाच्या ९९१ सामान्य लोकांच्या गुडघ्यांचे त्यांनी एमआरआय काढले. त्यांना गुडघा दुखतो म्हणून बोलावलेलं नव्हतं. पन्नाशीतल्या बायकांत १९ टक्क्यांची गादी फाटलेली किंवा झिजलेली निघाली, सत्तरीपुढच्या पुरुषांत ५६ टक्क्यांची. आणि ज्यांची फाटलेली होती त्यांच्यापैकी ६१ टक्क्यांना आदल्या महिन्यात ना दुखलं होतं, ना आखडलं होतं. २०१३ साली फिनलंडमधून आणखी एक आलं. झिजून फाटलेल्या गादीच्या १४६ रुग्णांपैकी अर्ध्यांवर दुर्बिणीची खरी शस्त्रक्रिया केली आणि अर्ध्यांवर लुटुपुटीची, म्हणजे भूल दिली, टाके घातले, गादीला हात लावला नाही. वर्षभराने दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. हे झिजेबद्दल आहे. गुडघा अडकून बसत असेल किंवा तरुणपणी ताजी इजा असेल तर प्रश्न वेगळा आणि तो डॉक्टरांचाच. पण फिल्म आणि वेदना यांचं नातं मला वाटलं होतं तितकं सरळ नाही, हे वाचून आतली फडफड महिन्याभरात निम्मी झाली. गादी तीच होती.

वेदना ही तारेवरून येणारी नुसती बातमी नसते, हे विज्ञानाला तसं उशिराच कळलं. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाचा अमेरिकी डॉक्टर होता. गंभीर जखमी सैनिकांना तो विचारायचा, वेदनेवर काही देऊ का? जवळजवळ तीन-चतुर्थांश ‘नको’ म्हणायचे. पुढे शहरातल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांना त्याने हेच विचारलं, तेव्हा पाचांतल्या चारांना औषध हवं होतं. जखमा त्यांच्या लहानच होत्या. बीचरने अर्थ लावला तो असा : सैनिकाला ती जखम म्हणजे जिवंत घरी जाण्याचं तिकीट होती, नागरिकाला आयुष्यात आलेलं संकट. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी दाराचा सिद्धान्त मांडला. मज्जारज्जूत एक जणू फाटक आहे आणि वरून येणारे मेंदूचे निरोप ते कमीजास्त उघडतात. आमच्या गावात माजी सैनिक पुष्कळ. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी बीचरची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ‘खरंय. गोळी लागली तेव्हा नाही दुखलं. पेन्शनच्या कागदाला हेलपाटे घातले तेव्हा दुखली.’

म्हणजे दुखणं मनाचे खेळ आहेत का? अजिबात नाही, आणि या गैरसमजाने जुनाट दुखणाऱ्यांचा फार छळ होतो. दुखणं खरंच असतं. त्याचा आवाज किती मोठा ठेवायचा ते मात्र मेंदू ठरवतो, आणि भीती हे त्यातलं मोठं बटण. फ्लायन आणि लिंटन या संशोधकांनी २००० साली या चक्राचा आढावा घेतला : दुखलं, की माणूस वाईटात वाईट कल्पतो, मग हालचालीची धास्ती घेतो, मग ती टाळतो, त्यामुळे स्नायू दुबळे होतात आणि मन उतरतं, त्यामुळे आणखी दुखतं. माझं सहा महिने हेच चाललं होतं. खुरपायला बसायचं टाळलं, देवळाच्या पायऱ्या टाळल्या, शेवटी शेजारणीकडे जायचंही, कारण तिच्याकडे खाली बसावं लागतं. मांडीचा स्नायू बोटभर बारीक झाला. खेळाडूंना या चक्राची दुसरी बाजूही असते, ती सामान्य रुग्णांच्या पुस्तकात कमी सापडते. ती म्हणजे दुखणं मानायचंच नाही, ‘फोडून काढायचं’. म्हणजे धास्तीत दोन महिने बसायचं आणि एका बऱ्या सकाळी आठ किलोमीटर पळून यायचं. दोन्ही टोकं एकाच भीतीची आहेत, असं मला आता वाटतं.

मधला रस्ता मला भाषेत सापडला, आणि या मासिकाच्या वाचकांना हे सांगायला आवडेल. मेल्झॅकने १९७५ साली वेदनेच्या शब्दांचीच एक प्रश्नावली केली. टोचणारी, जळणारी, धडधडणारी, अशी इंग्रजी विशेषणं गटागटाने. मी ती मराठीत आणायला बसले आणि लक्षात आलं, की भाषांतराची गरजच नाही. आपल्याकडे वेदनेला विशेषणं लावत नाहीत, तिला वेगवेगळी नामं आहेत आणि प्रत्येक नामाचं क्रियापद ठरलेलं. कळ येते किंवा उठते. चमक निघते. ठणका लागतो. उसण भरते. रग लागते. सल राहतो. सूज चढते आणि उतरते. गळू ठसठसतं, दात ठणकतो, काटा सलतो. दिवसभर कांदे काढल्यावर मांडीला लागते ती रग, तिला कुणी दुखापत म्हणत नाही. पाय वाकडा पडल्यावर निघते ती चमक, तिला कुणी दमणूक म्हणत नाही. डॉक्टर मात्र विचारतात, ‘दुखतंय का?’ आणि आपण ‘हो’ म्हणून मोकळे होतो. एवढ्या शब्दांचा एकच शब्द झाला, की मेंदूलाही एकच घंटा वाजवावी लागते.

म्हणून मी वही केली. पळून आल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दोनदा लिहायचं : कोणती? रग असेल तर चालू. ठणका असेल आणि सकाळपर्यंत उतरला तरी चालू. सकाळी उरला तर एक दिवस कमी. चमक निघाली तर तिथेच थांबून चालत घरी. नंतर वाचनात आलं, की स्वीडनमधले फिजिओथेरपिस्ट असंच काही आकड्यांत सांगतात : दहापैकी पाचपर्यंत दुखलं तर व्यायाम चालू ठेवा, मात्र दुसऱ्या सकाळी ते उतरलेलं हवं. मला त्यांचे आकडे पटतात, पण माझ्या गुडघ्याला आकडे येत नाहीत. मांडीच्या ताकदीचे व्यायाम मात्र एका फिजिओथेरपिस्ट मुलीने शिकवले ते जसेच्या तसे करते. त्यात माझी अक्कल चालवत नाही.

राळेगणच्या माणसाला आणखी एक गोष्ट आपसूक माहीत असते. पाणलोटाचं काम करणारे सांगतात, की धावणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला, आणि थांबलेल्याला मुरायला. या दुष्काळी पट्ट्यात डोंगरावरच्या समतल चरांनी आणि नालाबांधांनी ते झालेलं आम्ही पाहिलंय. माझ्या दुखापतीच्या पहिल्या वर्षी घरातल्या एका दिराने हे वाक्य मला थट्टेने ऐकवलं, आणि मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही. थट्टा बरोबर होती, पण वेळ चुकली होती. जखमी माणसाला तात्पर्य आधी सांगू नये.

एक गोष्ट मात्र वहीने भागत नाही. झोप महिनाभर उडाली, जेवण सुटलं, ज्या गोष्टींचा गुडघ्याशी संबंध नाही त्यांतही रस उरला नाही, जगण्याचाच कंटाळा बोलण्यात येऊ लागला, तर ते खेळाडूपणाचं दुःख राहिलेलं नसतं. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार असतात. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येतं. माझ्या ओळखीतल्या एका जुन्या कबड्डीपटूला त्याच्या सुनेने तो नंबर लावून दिला. खांदा निखळून निखळून त्याचा खेळ सुटला होता, त्याला दहा वर्षं झाली होती. दहा वर्षं घरात सगळे म्हणायचे, ‘बाबांचा स्वभावच तापट’. उपचार सुरू झाल्यावर चार महिन्यांनी तो मैदानावर पंच म्हणून उभा राहिला. पहिल्याच सामन्यात त्याचं दोन्ही संघांशी भांडण झालं, तेव्हा स्वभाव थोडा होताच.

मराठीत आपण आजार ‘काढतो’. ‘तिने मोठं दुखणं काढलं’ असं म्हणतो, जसे दिवस काढतो, रात्र काढतो, पीक काढतो. हरवणं, जिंकणं, झुंजणं ही दुखापतीसाठी हल्ली वापरली जाणारी क्रियापदं वर्तमानपत्रांतून आली, आणि ज्या दुखण्याला शेवटची शिट्टी नाही त्याला ती लावली की माणूस रोज हरतो. जुनाट वेदनेवर काम करणारे लान्स मॅक्रॅकन यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ ज्याला स्वीकार म्हणतात, तो हार मानण्यापेक्षा वेगळा आहे. वेदना जाईपर्यंत आयुष्य थांबवून न ठेवता ती असताना जे महत्त्वाचं ते करत राहणं, असं ते त्याचं वर्णन करतात. मला त्यासाठी ‘काढणं’ पुरतं.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारताच्या मुलींनी आणि मुलांनी, दोघांनीही नेपाळला हरवलं. मुलींची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मी गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून टीव्हीसमोर बसले होते. मॅटवरचा खेळ आमच्या मातीतल्यापेक्षा फार वेगवान आहे. एका मुलीने एका पायावर गिरकी घेतली तेव्हा माझा हात आपोआप गुडघ्याकडे गेला. मला असूया वाटली हे कबूल करते. आनंदही झाला, पण असूया आधी.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शाळेच्या मैदानावर पोरी सराव करत होत्या. त्यांना एक जण कमी पडत होती, म्हणून मी चौकात बसले. चौकात बसणं सोपं वाटतं, पण एक गुडघा दुमडून, पंजावर भार ठेवून, पाठीवर थाप पडताच उठायचं असतं. मी दोनदा वेळेत उठले, तिसऱ्यांदा उठता आलं नाही आणि पाठलाग करणारी माझ्यावर आदळली. दोघी मातीत. पोरी घाबरल्या, मग हसल्या. रात्री ठणका लागला, सकाळी उतरला होता. वहीत तसं लिहिलं आहे. दिवाळीनंतर डॉक्टरांना पुन्हा दाखवायचं आहे. या वेळी फिल्मबरोबर वहीही नेणार आहे.